चिखलदऱ्याचे पाणी आणि उकाईचा उजेड

दृढीकरण संस्काराच्या वर्गातील मुलांना आम्ही दरवर्षी एक प्रश्न विचारीत असतो. वर्गाची सहल वैराटच्या बाजूस डोंगरकण्यावर गेली म्हणजे मुलांना उभे करायचे आणि विचारायचे : येथे पडलेला पावसाचा थेंब कोठे जातो? चुणचुणीत मुले दोन उत्तरे देतात. उत्तरेच्या उतारावर पडला तर सिपनेला मिळून सेमाडोहवरून तापीला जातो. दक्षिणेच्या उतारावर पडला तर चंद्रभागेने दर्यापूरकडे उतरून पूर्णेला मिळतो. दोन्ही उत्तरे बरोबर असतात. मग आम्ही सांगतो की पूर्णाही पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीलाच मिळते. एकाच ढगातून पडलेली, डोंगरकण्याने दोन बाजूंस लोटलेली दोन भावंडे शेकडो कोसांच्या प्रवासानंतर पुन्हा एकमेकांच्या गळ्यात पडतात.

काही वर्षांपूर्वी एका कोरकू मुलाने पुढचा प्रश्न विचारला. तेथून पुढे ते पाणी काय करते? आम्ही भूगोलाच्या पुस्तकातले उत्तर दिले, समुद्राला मिळते. परंतु ते उत्तर अपुरे आहे हे आमचे आम्हांस ठाऊक होते. समुद्राला मिळण्यापूर्वी ते पाणी गुजरातमधील उकाई येथे एका प्रचंड भिंतीमागे थांबते, तेथील चार जनित्रे फिरवते आणि मगच सुरतेकडे जाते. ज्या मुलाने प्रश्न विचारला त्याच्या पाड्यावर त्या वर्षी विजेची तार पोहोचलेली नव्हती. हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यावयाचे राहिलेले उत्तर होय.

पाण्यातून वीज निर्माण करण्याच्या विद्येचा आणि आपल्या वऱ्हाडातील मिशनचा एक दूरचा संबंध आहे. तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या डोंगरावर श्रद्धेचे बी पेरणारे जे मिशनरी आले ते संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे. हा संघ फ्रान्समधील आनेसी या गावचा, म्हणजे आल्प्स पर्वताच्या कुशीतला. त्याचे पहिले धर्मगुरू १८४५ साली भारतात उतरले. पुढे १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला आणि १९५५ मध्ये त्यातून आपला अमरावती धर्मप्रांत वेगळा निघाला. ही माणसे ज्या मुलुखातून आली त्याच्या शेजारीच, ग्रनोबल शहराजवळ लांसे नावाच्या खेड्यात, आरिस्तीद बेर्जेस या कागद गिरणीच्या मालकाने १८६९ साली डोंगरावरचे पाणी सुमारे दोनशे मीटर उंचीवरून लोखंडी नळाने खाली आणून यंत्रे फिरविली. पुढे त्याच शक्तीवर वीज निर्माण होऊ लागली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात बेर्जेसने या पाण्याला ‘पांढरा कोळसा’ असे नाव देऊन ते लोकप्रिय केले. खाणीतला काळा कोळसा जळून संपतो. पर्वतावरचा पांढरा कोळसा दरवर्षी आकाशातून नव्याने येतो, अशी ती कल्पना.

आनेसीचा एखादा तरुण धर्मगुरू चिखलदऱ्याच्या कड्यावर पहिल्या पावसाळ्यात उभा राहिला असेल तेव्हा त्याला आपल्या गावच्या धबधब्यांची आठवण खचितच झाली असेल. समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीचे हे पठार. वर्षाकाठी सुमारे दीड हजार मिलिमीटर पाऊस. खाली परतवाडा, अंजनगावचे सपाट मैदान. मधली उतरण सुमारे सातशे मीटरची. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी एवढे खाली उतरले की त्यात सुमारे १.९ युनिट वीज निर्माण करण्याची शक्ती असते. यंत्रातील घट धरली तरी दीड युनिट सहज. एका गरीब घरात दोन दिवे रात्रभर जळावेत एवढी ही शक्ती आहे. कड्यावरून कोसळणारे धबधबे पाहून पर्यटक छायाचित्रे काढतात, ती खरे म्हणजे वाया चाललेल्या शक्तीची छायाचित्रे असतात.

मग येथे लांसे का झाले नाही? याचे कारण आल्प्समध्ये बर्फ आहे आणि सातपुड्यात नाही. तेथे हिवाळ्यात साठलेला बर्फ उन्हाळाभर हळूहळू वितळतो. नदीला निसर्गाने दिलेले ते धरणच. आमच्याकडे चार महिन्यांचे पाणी चार महिन्यांतच धावत सुटते. काळ्या पाषाणाचे डोंगर, वर मातीचा पातळ थर, उभे उतार. दिवाळीनंतर ओहोळ बारीक होतात, होळीपर्यंत नाले कोरडे पडतात. पांढऱ्या कोळशाचा व्यापार ज्याला करावयाचा त्याला आधी कोठार बांधावे लागते आणि कोठारासाठी खोल, रुंद, भरपूर पाण्याचे खोरे लागते.

असे खोरे सह्याद्रीत होते. तेथे पाऊस आमच्या दुप्पट-तिप्पट पडतो. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस सोडून टाटांनी १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. त्याच कंपनीच्या पुढच्या धरणासाठी मुळशीचे खोरे बुडणार हे कळताच मावळातील शेतकरी उठले आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण थांबले नाही. १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाले. पुढे स्वतंत्र भारतात कोयना आली. आज तिची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाची आठवण त्या भागातील लोक अजून काढतात. मुंबईचा उजेड हा मावळ आणि पाटणच्या शेतकऱ्यांच्या बुडालेल्या शेतांतून आलेला उजेड आहे. वसई-मुंबईच्या आमच्या बांधवांनी ही गोष्ट मनात ठेवावी, एवढेच येथे सुचवितो.

वऱ्हाडाने मात्र आपला उजेड काळ्या कोळशातूनच मिळविला. अकोला जिल्ह्यातील पारस येथे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. विदर्भात पाण्यावरचे मोठे वीजगृह म्हणावे असे एकच, पेंच नदीवरील तोतलाडोहचे, १६० मेगावॅटचे. तेही मध्य प्रदेशाशी वाटून घेतलेले. पांढऱ्या कोळशाच्या देशातून आलेल्या धर्मगुरूंच्या मिशनला काळ्या कोळशाची वीज मिळाली, यात काळाची थोडी गंमतच आहे.

तरीही मेळघाटच्या पाण्याने वऱ्हाडात वीज निर्माण केलीच नाही असे म्हणणे चूक ठरेल. दक्षिण उताराच्या पायथ्याशी दोन छोटी वीजगृहे आहेत. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शहानूर धरणाचे वीजगृह पाऊण मेगावॅटचे. अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडजवळ वाण नदीवर जे धरण आहे त्याचे दीड मेगावॅटचे. कोयनेच्या तुलनेत शहानूर अडीच हजारांहून अधिक पटींनी लहान. आकडे ऐकून हसू येईल. परंतु हसण्यापूर्वी ही धरणे कशासाठी बांधली ते पाहिले पाहिजे. वीज हा त्यांचा धर्म नव्हे, जोडधंदा आहे. कालव्यासाठी जे पाणी सोडायचेच आहे ते सोडता सोडता चाकावरून न्यावयाचे, इतकेच. कालवा बंद झाला की चाकही बंद.

त्यांचा खरा धर्म कोणता, हे समजण्यास पूर्णेचे खोरे पाहावे लागते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांचा हा पट्टा खारपाण पट्टा म्हणून ओळखला जातो. जमीन काळी, कसदार, कापसाला उत्तम. पण विहीर खणली की खारे, मचूळ पाणी लागते. ते पिऊन पिढ्यान् पिढ्या मूत्रपिंडाचे विकार सोसलेली घरे या पट्ट्यात आहेत. तरुणपणी दर्यापूरच्या बाजूच्या एका खेड्यात उन्हाळ्यात गेलो असता यजमानांनी आम्हांस तांब्याभर पाणी दिले आणि वर गुळाचा खडा दिला. आम्ही तो पाहुणचार समजलो. वास्तविक गुळावाचून ते पाणी घशाखाली उतरत नव्हते. आज शहानूरच्या साठ्यातून, म्हणजे सुमारे ४६ दशलक्ष घनमीटरच्या उपयुक्त पाण्यातून, अंजनगाव-दर्यापूरकडील गावांस नळाने गोडे पाणी जाते. वाणचा साठा सुमारे ८२ दशलक्ष घनमीटरचा. त्यावर अकोट-तेल्हारा भागातील चौऱ्यांशी खेड्यांची योजना आहे.

यहेज्केल संदेष्ट्याला झालेला दृष्टांत वाचकांच्या परिचयाचा आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाण्याची धार निघते, घोट्याइतकी, गुडघ्याइतकी, कंबरेइतकी होते आणि खाली उतरून मृत समुद्राचे खारे पाणी गोड करते. पुनरुत्थानाच्या काळात पवित्र पाणी शिंपडताना या धारेचे स्मरण आपण करतो. शहानूरच्या नळाचे पाणी प्रथम आले त्या घरांतील म्हाताऱ्या बायका ते कसे चाखून पाहत असतील याची कल्पना केली की आम्हांस तो दृष्टांत नवा वाटू लागतो. याच कारणाने धरण म्हटले की नाक मुरडणाऱ्या शहरी मित्रांशी आमचे जमत नाही. ज्याने गुळाशिवाय पाणी प्यायले आहे त्याने धरणाची निंदा जरा सांभाळून करावी.

पण त्याच दृष्टांतात एक तपशील आहे. प्रवचनांत तो सहसा येत नाही. सगळे पाणी गोड होते, पाणथळ आणि दलदलीच्या जागा मात्र गोड होत नाहीत. त्या मिठासाठी तशाच राहतात. आमचा विषय त्या जागांचा आहे.

मेळघाटचे पाणी खाली गोड झाले. वर काय राहिले? चिखलदरा तालुक्यातील खडीमल या गावाचे नाव वृत्तपत्रांत उन्हाळा आला की छापून येते. गावात टँकर येतो, पाणी विहिरीत ओततो आणि बायाबापड्या कड्यावर ओणवून ते उपसतात. जेथे दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या तालुक्यात, जेथे त्याच्या निम्मा पाऊस पडतो त्या मैदानातून चाकांवर पाणी चढवावे लागते, हे विपरीत आहे. पण धरणे पायथ्याशी बांधली गेली आणि त्यांचे लाभक्षेत्र पायथ्याच्या खाली सुरू होते. पाणी आपणहून डोंगर चढत नाही, आणि चढविण्याचा खर्च करावा एवढे डोंगरावरच्या मतांचे वजन नाही.

डोंगरावर धरण करण्याचा विचार झालाच नाही असेही नाही. शासकीय याद्यांत चिखलदरा या नावाची ४०० मेगावॅटची उदंचन जलविद्युत योजना नोंदलेली आहे. उदंचन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. एक तळे वर, एक तळे खाली. दिवसा किंवा संध्याकाळी विजेची मागणी वाढली की वरचे पाणी खाली सोडून वीज काढायची. रात्री इतर केंद्रांची वीज शिल्लक राहते तेव्हा त्या विजेने पंप चालवून तेच पाणी पुन्हा वर चढवायचे. यात नदीचा बारमाही प्रवाह लागत नाही. लागते ती उंची आणि दोन तळ्यांपुरते पाणी. आमच्या डोंगरात जे नाही त्याची गरज नाही आणि जे विपुल आहे त्याचाच उपयोग! चढविण्यास जितकी वीज लागते त्याहून परत मिळणारी कमीच असते, पण ती हव्या त्या वेळी मिळते आणि तेथेच तिची किंमत असते. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघर येथे २५० मेगावॅटचे असे केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. सूर्याची वीज दिवसा विपुल होऊ लागल्यापासून या योजनांना पुन्हा भाव आला असून सह्याद्रीत अनेक ठिकाणांची नावे घेतली जात आहेत.

चिखलदऱ्याची योजना मात्र कागदावर राहिली. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७४ साली तो घोषित झाला आणि तेव्हापासून या जंगलात पाण्याचे तळे, बोगदा, तारांचे मनोरे यांपैकी काहीही आणावयाचे तर वन्यजीव कायद्याच्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. योजना झाली नाही याचे आम्हांस दुःख नाही. झाली असती तर वीज उच्च दाबाच्या तारेने थेट दूरच्या शहराकडे गेली असती आणि तारेखालच्या पाड्यात चिमणीच जळत राहिली असती, असा आमचा अंदाज आहे. हा अंदाज कडवट वाटेल, पण तो अनुभवातून आलेला आहे.

वाघासाठी गावे मात्र उठली. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे आधी खाली मैदानात नेण्यात आली. पुढे वैराट, केलपाणी, गुल्लरघाट अशी आणखी कितीतरी. वैराटचे घर सोडलेले कुटुंब आता मैदानातल्या वसाहतीत राहते. तेथे शाळा जवळ, दवाखाना जवळ, दिवा आहे. हे सारे खरे. परंतु कोरकू माणूस सागवानाला ‘सिपना’ म्हणतो आणि त्याच नावाची त्याची नदी आहे. झाडाला आणि नदीला एकच शब्द असलेल्या माणसाला चाळीस डिग्रीच्या उघड्या मैदानात घर दिले तर तो रात्री कूस बदलत राहणारच. २०१९ च्या जानेवारीत पुनर्वसित गावांतील काही लोक परत केलपाणीच्या जंगलात गेले आणि तेथे त्यांचा व सरकारी यंत्रणेचा हिंसक संघर्ष झाला. दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. ही घटना धरणाची नाही. पण धरणाने उठलेल्या माणसाची व्यथा समजण्यास ती आमच्या घरची फूटपट्टी आहे, आणि ती घेऊनच आपण आता उकाईस जाऊ.

चांगदेवच्या संगमानंतर लगेच हतनूर धरण लागते. तेथील पाण्यावर भुसावळजवळच्या दीपनगरचे औष्णिक केंद्र चालते. मग खानदेश ओलांडून, प्रकाशाचे देवस्थान डाव्या-उजव्या हातास ठेवून (नदीच्या बाजूने पाहू तसे) तापी गुजरातेत शिरते. मुलताईच्या उगमापासून समुद्रापर्यंत तिची लांबी ७२४ किलोमीटर. तिच्या एकूण खोऱ्याचा सुमारे चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे, हे वाक्य वाचकांनी दोनदा वाचावे. सोनगडजवळ उकाई येथे १९६४ ते १९७२ या काळात या नदीवर धरण बांधले गेले. भिंतीची लांबी जवळजवळ पाच किलोमीटर, उंची ऐंशी मीटर. वल्लभसागर हे जलाशयाचे नाव. ७५ मेगावॅटची चार जनित्रे, मिळून ३०० मेगावॅट. पहिले १९७४ मध्ये फिरले, चौथे १९७६ मध्ये.

येथे हिशेबाची एक गंमत आहे. उकाईस पाणी पडते ते जेमतेम पन्नास मीटर. आमच्या कड्यावरून सातशे मीटर पडते. म्हणजे एका घनमीटरमागे चिखलदऱ्यास १.९ युनिट शक्ती आणि उकाईस ०.१३ च्या आसपास. तरी दिवा उकाईचा लागतो, कारण तेथे कोठार आहे. साठ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर प्रदेशाचे पाणी, त्यात मेळघाटच्या प्रत्येक ओहोळाचा वाटा, त्या एका कोठारात गोळा होते. शक्ती उंचीत असते हे पुस्तकी ज्ञान. व्यवहारात ती साठविणाऱ्याच्या हातात असते.

कोठारासाठी जागा कोणी दिली? सुमारे १७० गावे या जलाशयाने बाधित झाली. बुडालेले लोक बहुसंख्येने गामीत, वसावा, भिल्ल, चौधरी असे आदिवासी. पाण्याचा फुगवटा महाराष्ट्रात नवापूर तालुक्यापर्यंत येतो, त्यामुळे बुडणारांत मराठी मुलुखातली माणसेही होती. तो काळ असा होता की धरणाला विरोध म्हणजे देशाला विरोध समजले जाई. नर्मदेचे आंदोलन अजून उभे राहिले नव्हते. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे उकाई भरल्यानंतरचा. बुडालेल्या जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला पैसा ज्यांनी पूर्वी कधी एकत्र पाहिला नव्हता त्यांच्या हातून तो लवकरच गेला. मग त्यांतील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जाऊ लागली. ज्या उसाला उकाईच्या कालव्याचे पाणी मिळते, तोच ऊस. आपल्याच बुडालेल्या शेतावरून आलेल्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडून पोट भरणे, याला कोणत्या शब्दात सांगावे हे आम्हांस सुचत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर लेख प्रामाणिक होणार नाही. दक्षिण गुजरातेत या पाण्याने लाखो एकर भिजले. सुरत शहर याच पाण्यावर वाढले, आणि तेथील कापडाच्या मागांवर खानदेश-विदर्भातून गेलेले आपले कितीतरी तरुण पोट भरतात. खालच्या काकरापार बंधाऱ्याचे पाणी १९९३ पासून तेथील अणुवीज केंद्राला थंड ठेवण्याच्या कामी येते. म्हणजे चिखलदऱ्याच्या धुक्याचा अंश अणुभट्टीशीही जाऊन पोहोचला. पूर रोखणे हाही धरणाचा एक उद्देश होता. १९६८ साली सुरतेने भयंकर पूर पाहिला होता. धरण झाल्यावर कित्येक वर्षे लोक निर्धास्त झोपले, नदीच्या पात्रापर्यंत घरे आली. ऑगस्ट २००६ मध्ये वरून एवढे पाणी आले की भरलेल्या धरणातून ते सोडावेच लागले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. वीज आणि सिंचन यांसाठी धरण भरलेले हवे. पुरासाठी ते रिकामे हवे. एकाच भांड्याकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टींची अपेक्षा होती, तिची फोड त्या आठवड्यात झाली.

त्या पुरातही आमच्या डोंगराचे पाणी होते. पाणी बरे करते तसे मारतेही. पुनरुत्थान-जागरणाच्या रात्री पाण्याच्या आशीर्वादाची प्रार्थना महापुराचे आणि तांबड्या समुद्राचे स्मरण करते ते उगीच नव्हे.

आता त्या मुलाच्या पाड्याकडे परत येऊ. मेळघाटात वीज कशी आली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. धारणीकडील भाग वर्षानुवर्षे सीमेपलीकडच्या नेपानगरहून येणाऱ्या विजेवर अवलंबून राहिला. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील गावांना तार न्यावयाची तर झाड तोडण्याची परवानगी लागे. परवानगीसाठी कागद लागे. कागद घेऊन अमरावतीस जाण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागे. पुष्कळ पाड्यांत तारेऐवजी सौर दिवे आले. ते दोन-तीन वर्षे चांगले चालत, मग बॅटरी जाई आणि दुरुस्ती करणारा कोणी येत नसे. २०१६ मध्ये याच डोंगरातील हरिसाल हे गाव देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. पाहुणे आले, छायाचित्रे निघाली. हरिसालचे आम्हांस कौतुकच आहे. पण त्याच वेळी काही कोसांवरच्या गावांत मुले चुलीच्या उजेडात पाढे म्हणत होती.

आणि चर्चने काय केले, असे कोणी विचारील. दुष्काळांत, विशेषतः १८९९-१९०० च्या त्या भयंकर दुष्काळात, या डोंगरावर अन्न शिजविणारे हात मिशनचे होते, हे आपण अभिमानाने सांगतो. मरियमपूरसारख्या वस्त्या, शाळा, दवाखाने यांचा इतिहास आपल्या वार्षिकांकांतून पुन्हा पुन्हा येतो. परंतु पाणी कोणाचे, धरण कोणासाठी, उठलेल्या माणसाचे काय, हे प्रश्न आम्ही धर्मगुरूंनी फार काळ सरकारवर सोडून दिले. आमच्या गुरुकुलात नीतिशास्त्राचा तास होता. त्यात चोरी होती, परतफेड होती, एखाद्याची गाय चोरली तर किती भरपाई द्यावी याची चर्चा होती. एखाद्याची नदी घेतली तर काय, हे कोणी विचारले नाही, आम्हीही नाही. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ साली आले तेव्हा पिण्याच्या पाण्याचा हक्क हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे त्यात वाचून आम्हांस आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली, कारण खडीमलच्या बायका ते परिपत्रक निघण्यापूर्वी कित्येक उन्हाळे विहिरीच्या कड्यावर ओणवून उभ्या होत्या.

१० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार भोपाळ येथे झाला. धारणी तालुक्याच्या सीमेवर खाऱ्या-गुटीघाट येथे बंधारा घालून कालव्यांनी पाणी न्यावयाचे व ते जमिनीत मुरवायचे, अशी ती योजना आहे. खानदेशास आणि खारपाण पट्ट्यास तिचा लाभ व्हावा असा उद्देश सांगितला जातो. उद्देश चांगलाच आहे. आम्ही एवढेच विचारतो की, ज्या गावांजवळ बंधारा होणार त्या गावांत ग्रामसभा कोणत्या भाषेत भरणार? मराठी कागदावर अंगठा घेणे आणि कोरकूत समजावून सांगणे यांत अंतर आहे, आणि उकाईच्या वेळी ते अंतर कोणी मोजले नव्हते. योजनेत वीज असो वा नसो, वरच्या गावांस किती पाणी चढवून देणार हा आकडा कराराच्या पहिल्या पानावर असावा, जोडपत्रात नसावा.

आमच्या धर्मग्रामातील युवकांनी तीन वर्षांपूर्वी पाड्याखालच्या नाल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून एक बंधारा घातला. त्यातून वीज निर्माण होत नाही; एक सायकलचा दिवासुद्धा त्यावर लागणार नाही. पहिल्या वर्षी पोती नीट बसली नाहीत आणि पाणी नाताळापर्यंतच टिकले. दुसऱ्या वर्षी मुलांनी मागच्या बाजूस दगडमातीचा भराव घातला. यंदा राखेच्या बुधवारी आम्ही त्या पाड्यावर मिस्सेसाठी गेलो तेव्हा नाल्यात अजून गुडघाभर पाणी होते. उकाईचा प्रश्न विचारणारा तो मुलगा आता मोठा झाला आहे. तो पाण्यात उभा राहून फुटलेले पोते बदलीत होता. त्याने आम्हांस हाक मारून दुसरे टोक धरावयास सांगितले.